तिसरी हाक

प्रवेशफेरीच्या पडद्यावर वास्तुकलेपुढचा शिल्लक जागांचा आकडा दोनाचा एक झाला आणि सभागृहात कुजबुज उठून लगेच थांबली.

शेवटची जागा. प्रतीक्षायादीत आता वरचा नंबर मास्तरणीचा होता आणि तिच्या पाठोपाठ बारकीचा. मास्तरीण हे काही तिचं खरं नाव नव्हतं. वर्गातल्या अर्ध्या मुलींना तिनंच गणित शिकवलं होतं, म्हणून ते पडलं होतं. त्या अर्ध्या मुलींत तिचं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं होतं ते बारकीनं.

मास्तरणीची कडेची खुर्ची या घडीला रिकामी होती. सकाळपासून तिला बरं नव्हतं. आई नर्स, तिला ड्यूटी सोडून येता आलं नव्हतं, म्हणून मघाशी उठताना मास्तरणीनं बारकीलाच सांगितलं होतं, की तोंड धुऊन येते, नाव आलं तर पळत ये बोलवायला. बाथरूम व्हरांड्याच्या पार टोकाला होतं. तिथं इथला आवाज पोचत नव्हता आणि मोबाईल सगळ्यांचेच दारात काढून घेतले होते.

प्रवेश अधिकारी बाईंनी माईक जवळ ओढला आणि मास्तरणीचं नाव वाचलं. नियम त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकला होता. नाव तीनदा पुकारायचं, उमेदवार समोर आला नाही तर जागा पुढच्या नंबराला. गेलेलं नाव परत घेतलं जाणार नाही.

बारकी उठायला गेली, तोच शेजारून बाबांनी तिचं मनगट धरलं. ते लोकांना गाडी शिकवायचे. शिकणाऱ्यानं भलतीकडे स्टिअरिंग वळवलं की त्यांचा हात आपोआप पुढं जायचा, तसाच तो आत्ताही आला.

"बस," ते समोर बघतच म्हणाले.

"बाबा, ती बाथरूममध्ये आहे."

"माहितीये मला."

त्यांनी आवाज चढवला नाही. लहान मुलाची समजूत काढावी तसं हळू हळू सांगत राहिले. ती हुशार आहे, तिला कुठंही मिळेल. तुझं तसं नाही, तुला हे एवढंच आहे. आपण कुणाच्या हातातलं ओढून घेत नाही, नुसते बसलोय. बोलताना त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, एसी चालू असूनही.

बाईंनी दुसऱ्यांदा नाव घेतलं आणि चष्म्यावरून रांगांवर नजर फिरवली. मागं कुणीतरी कंटाळून च्च केलं.

बारकीला दार दिसत होतं. पळायचीही गरज नव्हती. मॅडम, ती बाहेर गेलीय, एवढं जागेवरून म्हटलं तरी भागलं असतं. तिनं तोंड उघडलंही, आणि परत मिटलं. सकाळी दोघींनी वरच्या मजल्यावरचा ड्रॉइंग हॉल बघितला होता. तिथल्या तिरक्या टेबलांपैकी खिडकीजवळचं एक बारकीनं मनातल्या मनात धरून ठेवलं होतं. आत्ता, या घटकेला, तिला तेच टेबल आठवत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

बाई थोडं थांबल्या. मग तिसऱ्यांदा नाव आलं.

बारकीनं खाली बघितलं. मनगटावर बाबांचा हात नव्हता. त्यांचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांवर होते. त्यांनी तो कधी काढून घेतला, तिला कळलंच नव्हतं. बोटांचे वळ उठले होते, तेही आता फिकट होत आले होते. ती मात्र तशीच बसलेली होती.

"अनुपस्थित," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बारकीचं नाव वाचलं.

बाबा ताडकन उभे राहिले. आहे, आहे, म्हणाले. उमेदवारानं स्वतः पुढं यावं, असं बाईंनी माईकवरूनच सांगितलं.

दार उघडलं ते तेव्हाच. मास्तरीण आत आली. कपाळावरचे केस ओले होते, चेहरा पांढराफटक पडला होता. ती दोन पावलं आली असेल-नसेल, तेवढ्यात बारकीचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. ती थबकली. आधी पडद्याकडे बघितलं, मग बारकीकडे. मग सावकाश चालत खुर्चीपाशी आली.

"माझं झालं?"

बारकीनं होकाराची मान हलवली.

"तू ऐकलंस?"

बाबा घाईघाईनं मध्ये पडले. सगळं इतक्या पटकन झालं, आम्ही उठणारच होतो, असं काहीतरी ते सांगू लागले. बारकीनं त्यांना पुरं करू दिलं नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "तिन्ही वेळा."

मास्तरणीनं तिच्याकडे बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. खुर्चीत बसली, रुमालानं मान पुसली आणि समोरच्या रांगेच्या पाठीकडे बघत राहिली.

"जा," ती म्हणाली. "नाहीतर भलत्याच कुणाला तरी जाईल."

बारकी हलेना. बाबा उभेच होते. माईकवरून बारकीचं नाव तिसऱ्यांदा आलं.

तेव्हा मास्तरणीनं पाय आखडून घेतले आणि तिला जायला वाट करून दिली.