तान्ह्या पोळ्यातलं इंजिन

"बैलाइच्या रांगेत हे इंजिन कोणं आणलं?"

महागूनं विचारलं अन् सारा तान्हा पोळा हसला. लेकराइनं आपापले लाकडाचे बैल ओळीनं उभे केले होते. कोणाच्या बैलाले बेगड, कोणाच्या बैलाले घुंगरू. अन् त्यायच्या मधात वीतभर लांब पत्र्याचं डिझेल इंजिन, रुळासकट.

"मीच आणलं," चैतराम म्हणाला. "माह्या घरी बैल नाही ना, महागूभाऊ. जे होतं ते आणलं."

"उचल ते. आज बैलाचा सण हाय."

"मॅनेजर साहेबाले पाहू दे, मंग उचलतो."

चैतराम म्हणजे मँगनीजच्या खाणीच्या शेडातला फिटर. बालाघाटात त्याच्यासारखा मस्कऱ्या नाही अन् त्याच्यासारखा हातही कोणाचा नाही. गोंदियाच्या बाजारातून तो चावीचे जुने, मोडके खेळण्यातले डिझेल इंजिनं आणायचा. कापायचा, कथलाचा डाग द्यायचा, रंगवायचा. मंग त्यातून असं काही निघायचं का जे कोण्या कारखान्यानं बनवलं नव्हतं, पण कुठंतरी खरंच धावत होतं. एका डिझेलले त्यानं कोळशाच्या इंजिनाची केबिन बसवली. तसं इंजिन त्यानं नैनपूरकडं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं होतं. दुसऱ्याच्या खिडकीले वाळ्याची ताटी लावली, कारण त्याच्या डायवरनं उन्हाळ्यात तशीच लावली होती. जाळी चहाच्या गाळणीची, कठडा सायकलच्या स्पोकचा. खऱ्या इंजिनाले जिथं पोचा, तिथंच याच्या इंजिनाले पोचा. चुकी सापडत नसे. पाह्यणारा हात लावायच्या आधी हात पुसून घेई.

आजचं इंजिन तं साऱ्यायनं ओळखलं. खाणीचंच होतं, पण सदुसष्ट सालचं, उद्घाटनाच्या दिवसाचं. तोच पिवळा रंग, तेच झेंडूचे हार, पुढच्या हुकाले बांधलेली तीच लांबच लांब माळ.

त्या दिवशी हे इंजिन धूर सोडत, भोंगा वाजवत शेडातून निघालं अन् मॅनेजर साहेबापुढं येऊन थांबलं. साहेबानं टाळ्या वाजवल्या. पुढच्याच बाजाराले, तोवर खाणीचे डबे ओढणारी बैलाची जोडी किरनापूरले विकल्या गेली. जोडी खाणीची होती. महागू तिचा हाकणारा, तो गेटवरचा चौकीदार झाला. तेव्हापासून पोळ्यात तो रिकाम्या हातानं येई, अन् कोणीतरी टोमणा मारल्याशिवाय राहत नसे. आजही प्रेमलाल पानवाल्यानं मारलाच.

"महागूभाऊ, इंजिनानं हरवलं ना तुह्या जोडीले. आता पोळ्यातूनही हाकलते का काय तुले?"



तेवढ्यात बक्षीस द्यायले मॅनेजर साहेब आले. रांग पाहत पाहत इंजिनापाशी थांबले. खाली वाकले. "वा चैतराम, एकदम वही. ये माला भी वही."

"हौ साहेब. त्या माळेचं टोक पाहा ना कुठं जाते."

माळ रुळाच्या मधातून पुढं गेली होती अन् मँगनीजच्या गोट्यायच्या एका ढिगामागं वळली होती. साहेबानं ढिगामागं पाह्यलं. तिथं बोटाएवढे दोन बैल जुंपले होते. वरून झेंडू, आतून दोर.

साहेब सरळ उभे राह्यले. "इसका मतलब?"

"मतलब इंजिन त्या दिवशी चालूच झालं नाही, साहेब," चैतराम म्हणाला. "तुमची गाडी तं येऊन राह्यली होती. भोंगा ट्रकवरचा, तो मी आत बसून वाजवला. धूर तेलाच्या चिंध्यायचा. ओढलं बैलाइनं."

कोणी हसलं नाही. चैतरामच्या बायकोनं, शीलानं, कपाळाले हात लावला. गेली नोकरी.

साहेबानं मान वळवली. "क्यों महागू? सच है?"

महागूनं चैतरामकडं पाह्यलं. हौ म्हटलं तं जोडीचं नाव साऱ्या वस्तीपुढं वर येत होतं. अन् हौ म्हटलं तं दोस्ताच्या घरची चूल विझत होती. इतके वर्षं टोमणे गिळले ते याच्याचसाठी.

"झूठ है साहेब," तो म्हणाला. "मस्करी करून राह्यला हा. इंजिन आपल्या दमानं आलतं. मी होतो ना तठी."

"मुझे भी यही लगा." साहेबाले जरा बरं वाटलं. ते बक्षिसाच्या टेबलाकडं वळले.

दोन पावलं गेले अन् मागून बडबड ऐकू आली म्हणून थांबले. महागू ढिगामागं उकिडवा बसला होता. त्यानं दोन्ही बैल जुवातून सोडवले होते अन् इकडचा तिकडं करून राह्यला होता.

"चंद्र्या कधी उजवीकडं चालला का बे? डावीकडं पायजे तो, त्या दिवशीही डावीकडंच होता. उजवीकडं जुंपला तं पाऊल नाही उचलत. इंजिन का, सुपलीभर माती नाही हालत त्याच्यानं."

मंग त्याले कळलं का सारे गप झाले हायत. त्याचा हात जुवावरच राह्यला.

साहेब परत आले. महागूची बायको दुर्गाबाई कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. साहेबानं त्यातलं कुंकू बोटावर घेतलं, खाली बसले, अन् आधी चंद्र्याले टिळा लावला, मंग दुसऱ्याले. महागूनं तोंड पलीकडं केलं.

उठता उठता साहेबानं चैतरामले विचारलं, "इंजिन का एक एक नट सही बनाया तूने. फिर बैल में गलती कैसे हुई?"

"गलती नाही साहेब," चैतराम म्हणाला. "तोंडानं तं हा कधीच हौ म्हणला नसता."