सुनेचं ताट

“काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंस, ते सांग,” अनुपमा मॅडम म्हणाल्या.

मोनिकानं तोंड उघडायच्या आत तिच्या सासूनं, बानूबाईनं, उत्तर देऊन टाकलं. “खाती की. खायाला काय कमी हाय आमच्यात?”

कमी काहीच नव्हतं, तेच तर दुखणं होतं. गोठ्यात दोन दुभत्या म्हशी, परड्यात कोंबड्या, नवरा मल्हार कुरकुंभच्या कंपनीत कायम झालेला. आणि अशा भरल्या घरात सातव्या महिन्यातली सून अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठत होती. आळीतल्या बायका म्हणायच्या, देव देतो आन् कर्म नेतं.

दौंडच्या त्या दवाखान्यात पुण्याहून दर गुरुवारी आहारतज्ज्ञ मॅडम येत. पोटातलं बाळ वाढत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी या दोघींना त्यांच्याकडे धाडलं होतं. बानूबाईचा अंदाज असा की, इथं सुई टोचतील, बाटली लिहून देतील आणि मोकळं करतील. पण ना सुई, ना बाटली. टेबलावर लहानमोठ्या वाट्या मांडलेल्या, आणि बाई विचारत होती भाकरी केवढी, कालवण किती, दूध कितीदा. चुलीपाशी बसलेल्या एखाद्या खाष्ट नणंदेनं सुद्धा एवढी चौकशी केली नसती.

बानूबाईचं गावात चिकट म्हणून नाव झालं होतं, आणि तेही गेल्या चार-पाच महिन्यांतच. तिनं सुनेचं डोहाळजेवण केलं नाही. शेजारणी हौसेनं ताट झाकून घेऊन आल्या, त्यांना तिनं उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. माहेरहून आलेले डिंकाचे लाडू तिनं आळीत वाटून टाकले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही जगरहाट, पण मोनिकाला केडगावला धाडायलाही ती राजी नव्हती. मल्हार आईपुढं ब्र काढत नव्हता. कंपनीत साहेबाशी तावातावानं भांडणारा गडी घरात आला की मुका व्हायचा.

पण आज बोलायचंच, असं मोनिकानं घरून निघतानाच ठरवलं होतं. आज आपण गप्प बसलो तर पोटातलं लेकरू हातचं जाईल, एवढं तिला कळून चुकलं होतं.

“अर्धी भाकरी, मॅडम,” ती म्हणाली. “वर डाळीचं पाणी. दूध न्हाई, अंडं न्हाई. आनखी मागितलं तर ह्या आत्या ताटच उचलून नेत्यात.”

बोलून तर गेली. आता घरी गेल्यावर आपली धडगत नाही, हे तिनं गृहीतच धरलं.

मॅडमनी तिचा दंड पट्टीनं मोजला. पापणी खाली ओढून पाहिली. मग खुर्ची बानूबाईकडं वळवली.

“मावशी, बाळ उपाशी आहे. असंच चाललं तर दोघांच्याही जिवाला धोका आहे. का करता असं?”

बानूबाई आता भांडायला उठणार, असं मोनिकाला वाटलं. भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण ती शांतपणे, शहाण्या माणसानं अडाण्याला समजावून सांगावं तसं बोलू लागली.

“बाई, माझा जलम मेंढरांमागं गेला. गाभण मेंढीला शेवटाच्या दिसांत लई चारलं की कोकरू दांडगं हुतं आन् इताना अडतं. मंग मेंढी बी जाती आन् कोकरू बी. बाईमाणसाचं काय येगळं हाय?”

मॅडम हसल्या नाहीत. “मेंढीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, मावशी. पण बाईमाणसाचं तसं नाही. पोटभर जेवल्यानं बाळ अडत नाही. कधी बाळ आडवं असतं, कधी कंबर अरुंद असते, कधी कळाच मंदावतात. म्हणून तर बाळंतपण दवाखान्यात करायचं. त्यात आईच्या ताटाचा दोष नसतो.”

“पोटभर खाल्लं, तरी?”

“तरी.”

“रोजचं दूध, रोजचं अंडं?”

“तेच तर द्यायचंय हिला.”

“आन् भाकरीवर तूप? पार नववा लागंपत्तुर?”

अजून हिची घासाघीस चालूच आहे, असं वाटून मोनिकाला संताप आला. दुधाचा, अंड्याचा हिशेब करते आहे ही बाई, आणि तोही नातवंडाच्या तोंडचा. तिनं रागानं सासूकडं पाहिलं. बानूबाईची हनुवटी थरथरत होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती हुंदके देऊ लागली. मोनिकानं तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

“साधना माझी,” बानूबाई म्हणाली.

मल्हारला एक थोरली बहीण होती आणि ती लग्नानंतर वर्षाच्या आत गेली, एवढंच मोनिकाला ठाऊक होतं. ती कशानं गेली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरात तिचं नावच निघत नसे.

“पहिलटकरीण म्हनून माझ्याकडंच आली व्हती. नगं नगं म्हनायची, तरी म्या भरवायची. दूध, अंडी, तूप, काय म्हनून कमी केलं न्हाई. दोन दिस अडली पोर. दांडगं लेकरू व्हतं. गेली दोघं बी.”

इतके महिने मनात साठवलेला राग कुठं गेला, ते तिचं तिलाही कळलं नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि सासूचा हात आपल्या हातात घेतला.

मॅडमनी पाण्याचा पेला पुढं केला. बानूबाईनं तो घेतला नाही. तिनं फक्त मान वर केली.

“म्हंजी बाई,” तिनं विचारलं, “माझ्या साधनाला म्या न्हाई मारलं?”