सतरा मीटर

केळीच्या बागेत दोन ओळींपलीकडचं माणूस दिसत नाही, म्हणून चोपडा तालुक्यात एकमेकांना हाका देत देतच काम चालतं. कामिनीही दीड वर्षाच्या मयुरीला अधूनमधून हाक मारायची, आणि बागेपलीकडच्या गोदामाच्या भिंतीवरून तिचीच हाक परत यायची.

लग्नाआधी नववीला विज्ञान शिकवलेली बाई ती. भिंत जितकी दूर, तितका प्रतिध्वनी उशिरा, हे तिला पाठ होतं.

सोमवारी तो एका सेकंदाने आला. मंगळवारी अर्ध्या. बुधवारी हाक संपते न संपते तोच. भिंत तर जागची हलली नव्हती.

"चला, कोनी तरी तुन्हं ऐकस!" सासूबाई, धुरपदाबाई, हसल्या.

गुरुवारी प्रतिध्वनी आलाच नाही.

"गयं एकदाचं," त्या म्हणाल्या. "आते बठ्ठं शांत शे."

कामिनीच्या हातातला विळा तसाच राहिला. सतरा मीटरच्या आतून परतलेला आवाज वेगळा ऐकू येत नाही, मूळ हाकेतच मिसळून जातो. तिनेच कितीदा फळ्यावर लिहून दिलं होतं.

प्रत्येक हाकेला ते जवळ येत होतं. आता हाक मारायचीच नाही, तिने ठरवलं.

तेवढ्यात ओळीच्या टोकाला मयुरी दिसली. लुटुलुटु विहिरीकडे निघाली होती. धावून गाठण्याइतका वेळ उरला नव्हता.

"मयू!"

पोर काठाशी थांबली. वळली. खुदकन हसली, आणि कडेवर घे म्हणून तिने दोन्ही हात वर केले, आईच्या खांद्यामागे, खूप उंच बघत.