मेजाकडची रांग

"आमेन," सिस्टरबाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"आई, जरा हळू," शेजारी बसलेली लेक कुजबुजली. "देवाला ऐकू येतं."

"येतं ना. पण वर्षभर माझ्याकडून ऐकलं नव्हतं त्यानं."

ते खरंच होतं. दर रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब शहराच्या नगराध्यक्षांसाठी प्रार्थना करायचे, सगळी मंडळी आमेन म्हणायची, आणि दुसऱ्या बाकावर सिस्टरबाई तोंडात मिठाची गुळणी धरून बसायच्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या दवाखान्यात त्यांनी अडतीस वर्षं सुया टोचल्या, जखमा बांधल्या, बाळंतपणं केली, तो नगराध्यक्षांनी बंद केला आणि तिथे आपल्या पक्षाचं कार्यालय थाटलं. किल्ल्या घ्यायला स्वतः आले होते. "वरून आदेश आहे, बाई," एवढंच म्हणाले. सिस्टरबाईंनी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला.

या माणसाचा जन्म त्याच दवाखान्यातला. तेव्हा सिस्टरबाईंना नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. दिवस भरायच्या आत आलेलं पोर, दोन किलोचंही नाही. आईला दूध येईना, पोराला ओढायची ताकद नाही. सिस्टरबाईंनी नऊ दिवस घर पाहिलं नाही, दर दोन तासांनी कापसाच्या बोळ्यानं त्याला थेंब थेंब दूध पाजलं. बारक्या हे नाव त्यांनीच ठेवलं. पुढे बारक्या असा आडवातिडवा वाढला की दाराच्या चौकटीत मावेना, पुढारी झाला, मोटारीतून फिरू लागला, तरी या त्याला भर सभेत बारक्याच म्हणायच्या. किल्ल्या गेल्या त्या दिवसापासून मात्र बोलणंच तुटलं.

आमेनचं एक वेळ सोडा. पण प्रभुभोजन, मेजावरची ती भाकर आणि द्राक्षरस? भाकर हातात घेण्याआधी पाळकसाहेब दर वेळी सांगत, "ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल त्यानं आधी ती सोडावी, मग मेजाकडे यावं." बरीच मंडळी हे वाक्य 'चपला नीट ठेवा' इतपतच ऐकत. सिस्टरबाईंनी मात्र औषधाच्या बाटलीवरची सूचना जन्मभर पाळली होती, ही कशी मोडणार? अढी काही सुटेना, म्हणून वर्षभर त्या मेजाकडे गेल्या नाहीत. रांग लागली की बाहेर पायरीवर जाऊन बसायच्या. आतलं गाणं कानावर यायचं आणि त्यांना रडू फुटायचं. आपल्याच घरातून आपल्याला कुणी बाहेर काढलंय असं वाटायचं, आणि काढणारं दुसरं कुणी नव्हतंच.

मग निवडणूक आली. बारक्या खुर्चीवरून गेला की अढीही जाईल, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. दुखरे गुडघे घेऊन विरोधी उमेदवारासाठी दारोदार फिरल्या. बुधवारी निकाल लागला. बारक्या सपाटून पडला. नवे नगराध्यक्ष दवाखाना पुन्हा उघडणार होते.

आजची प्रार्थना नव्या नगराध्यक्षांसाठी होती. म्हणून ते आमेन एवढं मोठं.

रांग लागली तशा सिस्टरबाई उठल्या. "आज मी येणार," त्या म्हणाल्या. लेकीचे डोळे भरून आले. तिनं आईचा कोपर धरला.

"शेवटी जिंकलातच, बाई," रांगेत मागे उभा असलेला शिंपी हळूच म्हणाला.

सिस्टरबाईंनी हसून मागे पाहिलं, तेव्हा त्यांना दारापाशी शेवटचा बाक दिसला. पाच जणांच्या बाकावर बारक्या एकटा बसला होता. एरवी तो पहिल्या बाकावर असायचा, दोन्ही बाजूंना माणसं दाटून. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारी मंडळी आज त्याच्या बाजूला बघतही नव्हती. तो उठला नव्हता. गीतांचं पुस्तक उगाच चाळत होता, आणि एवढा मोठा बाप्या खांदे आवळून लहान व्हायला बघत होता.

रांग एकेका पावलानं पुढे सरकत होती. रोग्याचं पोट दाबून कुठे दुखतं ते बघतात, तसं सिस्टरबाईंनी आपलं मन दाबून पाहिलं. अजून दुखत होतं. सुंभ जळला होता, पीळ तसाच होता. अढी गेली नव्हती, ती नुसती जिंकली होती.

पुढचा माणूस बाजूला झाला. पाळकसाहेबांनी भाकर पुढे केली. सिस्टरबाईंनी हात उचलला आणि मागे घेतला.

"जरा थांबा, पाळकसाहेब."

"आई, पुन्हा?" लेक म्हणाली.

सिस्टरबाई वळल्या. एकेका बाकाचा आधार घेत रांगेच्या उलट्या दिशेनं चालू लागल्या. गाणं विस्कटलं. त्या बाहेर पायरीवर निघाल्या असं समजून बारक्यानं वाट द्यायला पाय आत घेतले. पण त्या त्याच्यासमोरच थांबल्या.

तो धडपडत अर्धवट उठला. "बाई, ते दवाखान्याचं... मी..."

"त्यावरून उद्या भांडू. मला बरंच बोलायचंय." त्यांनी हात पुढे केला. "आत्ता चल, बारक्या. वर्षभर तुझ्यामुळे उपाशी आहे मी."