फिरता पंखा

“घरातलाच फोटो आहे, नाव कुणाचंही असेना,” असं सकाळी म्हणालेला नवरा आता प्रदर्शनात बक्षिसाची शाल पांघरून माझ्याच फोटोपुढे उभा होता.

फोटोतल्या त्या जुन्या विमानाची शेवटची फेरी मी टिपली, तेव्हा बाळ माझ्या छातीशी बांधलेलं होतं आणि हा चहाच्या रांगेत होता. आत्ता बाळाने माझ्या खांद्यावर दूध ओकलं. त्या आंबूस वासाची मला कधी किळस आली नाही. शिसारी आली ती नवऱ्याच्या हसण्याची.

“शटर किती ठेवलंत?” विमानाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने नवऱ्याला विचारलं.

“दोन हजार, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. विमानाच्या एवढ्या वेगाला लागतंच, काका.”

“दोन हजाराला पुढचा पंखा गोठतो हो. विमान दोरीला टांगल्यासारखं दिसतं. इथे तर गरगर फिरतोय.” माझं मुरडलेलं नाक त्यांच्या नजरेला पडलं. “पोरी, तू सांग बरं.”

मी दुधाने माखलेलं बाळ नवऱ्याच्या कडेवर, नव्या शालीवर दिलं.

“सव्वाशे, काका. आणि कॅमेरा हलू नये म्हणून बटण दाबलं ते बाळाच्या दोन श्वासांच्या मध्ये.”