कट्ट्यावरचे गज

सासूबाईंची पिशवी भरायला वेळ लागला नाही. साड्या, चष्मा, औषधांचा डबा. पिशवी ठेवायला जागा हवी म्हणून सुनेने शिलाई मशीन भिंतीकडे सरकवलं.

"लेकीकडे दोन खोल्या आहेत," सासूबाई म्हणाल्या. "पाय तरी पसरता येतील."

"तुमची मर्जी," सून म्हणाली. थांबा म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढं बळ नव्हतं.

खोली तीच होती आणि माणसंही तीच पाच. पण महिन्यापूर्वी पाचही जण एकदम आत कधी नसायचे. रात्रपाळीचा नवरा दिवसा झोपला की सासूबाई दारासमोरच्या कट्ट्यावर भाजी निवडत बसायच्या. शाळेतून आल्यावर दोघी मुली तिथंच अभ्यास उरकायच्या. संध्याकाळी नवरा चहाचा कप घेऊन बाहेर गेला की सून खोलीभर कापड पसरून बेतायला बसायची.

अख्खी गल्लीच त्या कट्ट्यावर असायची आणि गप्पांना ऊत यायचा. "यांची झोप मोडते हो," असं सूनच एकदा इमारतीच्या सेक्रेटरीला बोलून गेली. एरवी कशालाही न हलणाऱ्या त्या माणसाने हे मात्र मनावर घेतलं. कट्टाभर टोकदार लोखंडी गज बसले. गल्ली चिडीचूप झाली. घरात मात्र कोण कुणाच्या पायात येतं यावरून रोज खटके उडू लागले, आणि नवऱ्याची झोप मोडायची ती मोडतच राहिली.

निघताना सासूबाईंनी एका गजाला बोट लावून पाहिलं. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे, कोण जाणे."

सुनेने पिशवीचे बंद पुन्हा आवळले. नवऱ्याने पिशवी उचलली आणि दोघं कोपऱ्यावरून वळली.

संध्याकाळी चौघं खोलीत होती. उठताना नवऱ्याचा पाय मशीनला लागला. धाकटीचं कोपर थोरलीला लागलं आणि बेतून ठेवलेल्या ब्लाउजवर शाई सांडली. कुणी कुणावर ओरडलं नाही. थोरली पुस्तक घेऊन आजीच्या कोपऱ्यात गेली. तिथं बसल्यावरही तिचे गुडघे मशीनला टेकत होते. तिने ते पोटाशी घेतले आणि, दूध कुणी आणायचं हे विचारावं तसं, विचारलं,

"आई, आता कुणाला पाठवायचं?"