उन्हात आणलेली गाडी

तळघरातल्या पार्किंगमध्ये मंदाताईंनी गाडीवरचं कव्हर काढलं आणि न विचारताच सांगितलं, "अपघात झालेली आहे. तीन वर्षं झाली. आता मला जिने उतरवत नाहीत, म्हणून विकते." मग किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती देऊन, कठडा धरून त्या कागदपत्रं आणायला वर गेल्या.

गाडी घ्यायला आलेल्या प्रफुल्ल ढोबळेनं ती नीट तपासली. फक्त मागच्या दारावर, आतून बाहेर आलेला वाटीएवढा फुगवटा होता. त्याला नवल वाटलं. हल्ली कुठल्याही गाडीचा पत्रा थोडा वेळ उन्हात राहिला की आपोआप पहिल्यासारखा होतो. काकूंना हे कुणी सांगितलंच नसेल. शिवाय जुनी गाडी सावलीत बघू नये, असं त्याचे वडील म्हणत. त्यानं ती फाटकापाशी, नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात आणून उभी केली.

मंदाताई आल्या तेव्हा तो खुशीत होता. "बघा काकू, फुगवटा बसत आला! आता काही दोष नाही. घेतो मी."

मंदाताईंचा हात दारावर काहीतरी शोधत फिरला.

"माझ्या मुलाचा, निषादचा खांदा होता इथं," त्या म्हणाल्या. "आतून दार ढकलत होता तो. ऊन लागू देऊ नका, एवढंच सांगणार होते तुम्हाला."

त्यांनी घाईघाईनं पदर दारावर पसरून धरला. प्रफुल्ल शेजारी सरकला आणि आपलीही सावली तिथं पडेल असा उभा राहिला.

पण पत्रा तापलेला होता. पदराखाली तो सपाट होतच राहिला.